रस्ता करा साहेब, पण आधी खालचं बघा

मा. नगर अभियंता साहेब,
स. न. वि. वि.

नौपाड्यातल्या आमच्या गल्लीचा रस्ता काँक्रीटचा होणार असं कळलं, कडेने चुन्याच्या खुणा पण पडल्यात. आनंद आहेच, पण त्याहून जास्त धडकी भरलीय, कारण मागच्या गल्लीत काय झालं ते आम्ही गॅलरीत उभं राहून बघितलंय. चकाचक रस्ता झाला, पावसाळा संपतोय तोच एका बिल्डिंगची पाण्याची लाईन फुटली, मग काँक्रीट फोडायचा ब्रेकर आला, दीड दिवस डोक्यात घणघण, आणि आता तिथे डांबराचं ठिगळ आहे ज्याच्यावर येणारी प्रत्येक स्कूटर आदळते. चूक कुणाची ते मी उकरत नाही, उकरायचं काम आधीच झालंय.

मध्यंतरी आमच्या बिल्डिंगचा थोडा पाइप बदलावा लागला, तेव्हा प्लंबरने कापलेला जुना जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) तुकडा माझ्या हातात दिला. म्हणायला एक इंची, पण आत गंज एवढा दाटलेला की लेकीची पेन्सिल घातली तर ती मध्येच अडकली. हे आम्ही पितो! पाणी येतं सकाळी दीड तास, बाकी वेळ लाईन रिकामी, आणि रिकामी होताना ती बाहेरचं आत ओढते, गंजून पडलेल्या भोकातून आजूबाजूच्या मातीतलं जे असेल ते. शेजारीच ड्रेनेज झिरपत असेल तर काय ओढत असेल ते मी लिहीत नाही. पहिल्या दोन बादल्या आम्ही संडासात ओततो, वरच्या काकू तर नळाला फडकं बांधतात आणि दर दोन दिवसांनी बदलतात.

केंद्राच्या मॅन्युअलप्रमाणे पाण्याची लाईन आणि ड्रेनेज यांच्यात आडवं ३ मीटर अंतर हवं, आणि क्रॉसिंगला पाण्याची लाईन अर्धा मीटर वर. आता आमची गल्ली ती केवढी, त्यात गॅस, वीज, इंटरनेटच्या केबली, ३ मीटर कुठून आणणार तुम्ही, कळतं आम्हाला. पण निदान ड्रेनेज खाली आणि पाणी वर एवढं तरी सगळं उघडं असतानाच जमेल ना, काँक्रीट पडल्यावर कसं जमणार?

दुसरं, रिडेव्हलपमेंट. १२ बिऱ्हाडांच्या जागी ६० येतायत. माणशी १३५ लिटर आणि घरटी पाच माणसं धरली तर एका बिल्डिंगचं रोजचं पाणी ८,१०० लिटरवरून ४०,५०० वर जातं, आणि त्यातलं साधारण ८० टक्के परत ड्रेनेजमध्येच येतं. जुनी सहा इंची लाईन हे कसं झेलणार? आत्ताच जोराचा पाऊस झाला की कोपऱ्यावरचं चेंबर झाकण उचलतं.

पण माझं मेन म्हणणं वेगळंच आहे. मेन लाईन नवीन टाकतात, फोटोबिटो निघतात, आणि तिथून बिल्डिंगच्या मीटरपर्यंतचा जोड मात्र तोच जुना परत जोडून देतात. उद्या फुटणार तोच, आणि तो असणार नव्या काँक्रीटच्या खाली. म्हणून प्रत्येक जोड कंपाउंडच्या आतपर्यंत नवा द्या, आणि तो रस्त्याखालून एका मोठ्या पाइपातून घ्या म्हणजे पुढे बदलायचा झाला तर ओढून काढता येईल, ब्रेकर लागणार नाही. रिकामा पडून असलेल्या प्लॉटसमोर पण एक पाइप टाकून ठेवा, टॉवर येणारच आहे तिथे.

बुजवायच्या आधी पाण्याच्या लाईनला प्रेशर देऊन बघा. ड्रेनेजसाठी तर जुनी सोपी टेस्ट आहेच, एका चेंबरमध्ये दिवा आणि पुढच्यात आरसा, पाइप सरळ असेल तर उजेड पूर्ण गोल दिसतो. त्या दिवशी सोसायटीच्या दोघांना बोलवा, आरसा आम्ही आणतो.

आणि जुन्या डांबरावरच यूटीडब्ल्यूटीचा, म्हणजे काँक्रीटचा पातळ थर चढवायचा विचार असेल तर प्लीज नको. काम झटपट होतं हे मान्य, पण त्यात खाली कोणी बघतच नाही, वर रस्ता तीन-चार इंच उंच होतो आणि पावसाचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये.

वेळ जास्त लागेल ना, लागू दे. महिनाभर टँकर घेऊ, गाड्या लांब लावू. गणपतीपर्यंत खड्डा उघडा राहिला तरी चालेल, मंडळाच्या पोरांशी बोललोय, यंदा मांडव बँकेसमोरच्या मोकळ्या जागेत घालायला ती तयार आहेत.

आपला,
गल्लीतला एक रहिवासी, ठाणे (प.)