गिझाच्या सहलीबद्दल तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

पुणे, २ डिसेंबर २०२४

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : तुमच्या जहाजाच्या सफरीत १७ नोव्हेंबर २०२४ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरातून गिझाचे पिरॅमिड पाहायला नेलेली सहल

महोदय,

माझ्या फोनवरच्या तक्रारीला तुमच्याकडून एका ओळीचं उत्तर आलं : ‘स्थानिक फेरीवाल्यांचा त्रास कंपनीच्या नियंत्रणाबाहेर आहे.’ मी फेरीवाल्यांविरुद्ध तक्रार केलेलीच नाही. माझी तक्रार तुमच्याविरुद्ध आहे, म्हणून आता लेखी देते आहे.

मी, माझे पती आणि ७४ वर्षांचे माझे सासरे (आबा) अशा तिघांसाठी माणशी ९,८०० रुपये जादा भरून आम्ही ही सहल घेतली. तुमच्या पत्रकात ‘पिरॅमिड परिसरात अडीच तास, हिंदी बोलणारा गाइड पूर्णवेळ सोबत’ असं छापलं आहे. अलेक्झांड्रिया ते गिझा साधारण सव्वादोनशे किलोमीटर, जायला तीन तास आणि यायला तीन तास. संध्याकाळी साडेसातला जहाजावर परत हजर राहायचं. एवढ्या मोजक्या वेळात कुठे किती मिनिटं जाणार, याचा हिशेब तुमच्याकडे आधीपासून असणारच.

साडेदहाला गिझात पोचलो. खिडकीतून पिरॅमिडचा माथा दिसायला लागला, आबा उठून उभे राहिले, आणि बस वळून एका पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या जुन्या इजिप्ती कागदावरच्या चित्रांच्या, दुकानासमोर थांबली. तिथे ५० मिनिटं गेली. मग अत्तराच्या दुकानात पाऊण तास. दोन्ही दुकानांचा पत्रकात उल्लेख नाही. गाइड माइकवरून पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘बाहेरचे फेरीवाले लुटतात, केळीच्या पानावरची चित्रं पपायरस म्हणून विकतात, काय घ्यायचं ते इथेच घ्या.’ लोक घाबरले आणि त्यांनी डॉलर काढले. मीही ४५ डॉलरचं एक चित्र घेतलं. केळीच्या पानाची फसवणूक तिथे होते हे खरं आहे. पण तेवढीच भीती घालायची आणि बाकी काही सांगायचं नाही, हा कुठला गाइड?

जेवण उरकून पिरॅमिडपाशी उतरलो तेव्हा दीड वाजला होता. ‘दोन पंचवीसला बसपाशी या,’ एवढं सांगून गाइड बसमध्ये जाऊन बसला. अडीच तासांची झाली ५५ मिनिटं. तिथला खुफू राजाचा पिरॅमिड साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. आबांनी त्याच्यावरची दोन पुस्तकं या प्रवासासाठी वाचून काढली होती.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते. एका उंटवाल्याने आबांच्या डोक्याला लाल-पांढरा रुमाल गुंडाळला. ‘इंडिया? अमिताभ बच्चन! गिफ्ट, गिफ्ट,’ असं म्हणत त्याने हाताला धरून त्यांना बसलेल्या उंटाकडे नेलं. बोलता बोलता तो ‘बक्षीश’ म्हणाला. आबांना वाटलं, भारतातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला हा उंटावरची फेरी बक्षीस म्हणून देतोय. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ तोच. तिकडे बक्षीश म्हणजे आपण द्यायचे पैसे. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे आबा पुढे कलले आणि दोन्ही हातांनी खोगिराचा लाकडी खुंट धरून बसले. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. पन्नास पावलं गेल्यावर उंटवाला थांबला आणि खाली उतरवायचे ४० डॉलर मागू लागला. उंट काही तो बसवेना. माझे पती गाइडला बोलवायला बसकडे धावले. गाइड म्हणाला, ‘तुम्हीच मिटवा.’ शेवटी २५ डॉलर दिले तेव्हा आबा खाली आले. त्यांच्या हातांची थरथर बसमध्ये बसल्यावरही थांबली नव्हती. पिरॅमिडजवळ ते गेलेच नाहीत.

आता मी त्या उंटवाल्यावर का चिडले नाही, तेही सांगते. माझं माहेर पंढरपूरचं. वडिलांचं बुक्का, तुळशीच्या माळा आणि चुरमुऱ्यांचं दुकान होतं. वारीच्या दिवसांत ‘या माउली, या’ म्हणून मीही घसा बसेपर्यंत ओरडले आहे. सकाळपासून भवानी झालेली नसली की माणूस गिऱ्हाइकाच्या किती मागे लागतो, ते मला माहीत आहे. तिकडे तर जहाजाचं गिऱ्हाईक तासाभरात उठून जाणार आणि पुन्हा कधी दिसणार नाही. उंटवाल्याने केलं ते चूकच, पण त्याने माझ्याकडून आगाऊ पैसे घेऊन अडीच तास सोबत राहण्याचं लेखी वचन दिलं नव्हतं. ते तुम्ही दिलं होतं.

तुम्ही काय करायला हवं होतं? सहलीच्या आदल्या रात्री दहा मिनिटं खर्च करून एवढंच सांगायचं : फुकट म्हणून हातात दिलेली वस्तू घेऊ नका. उंटावर बसायचंच असेल तर चढण्या-उतरण्यासकट भाव आधी ठरवा आणि पैसे उतरल्यावर द्या. ‘ला, शुक्रन’ म्हणा, म्हणजे ‘नको, धन्यवाद’, आणि न थांबता चालत राहा. सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. नोटा नीट पाहा, कारण ५० पियास्त्रची नोट ५० पौंडांची म्हणून हातात पडू शकते, आणि शंभर पियास्त्र मिळून एक पौंड होतो. त्यात तिथला अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि त्यांचं शून्य नुसता ठिपका असतं. देवनागरी आकडे वाचणारा माणूस तिथे हमखास गोंधळतो. नोटेच्या दुसऱ्या बाजूला इंग्रजी आकडे असतात, तेवढं कुणी सांगितलं असतं तरी पुरे होतं.

हे सगळं मला परत आल्यावर बंदराच्या दारात एका विक्रेत्याकडूनच कळलं. त्याच्याकडून मी दगडी मांजर घेतलं. त्याने तीन डॉलर सांगितले, मी दोन म्हटलं, तो हसला आणि दिलं. नोट कशी वाचायची ते त्यानेच दाखवलं.

माझ्या मागण्या अशा : तिघांच्या सहलीचे २९,४०० रुपये परत करावेत. त्या दोन दुकानांकडून गाइडला किंवा कंपनीला कमिशन मिळतं का, याचा लेखी खुलासा करावा. आणि आबांची लेखी माफी मागावी. ती मला पैशांपेक्षा महत्त्वाची आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय त्या कायद्यात आहे आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. पत्रक, पावती आणि दोन्ही दुकानांबाहेर काढलेले फोटो जोडले आहेत. फोटोंवर वेळ आहे.

तुमच्या संकेतस्थळावर जानेवारीच्या सहलीचं पत्रक आज सकाळी पाहिलं. त्यात अजून तेच ‘अडीच तास’ आहेत. माझ्या उत्तराला वेळ लागणार असेल तर लागू द्या, पण ती ओळ आजच्या आज बदला.

आपली,
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)