नायगाराच्या पलीकडेही काहीतरी आहे

संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत अमेरिका म्हटलं की नायगारा नाहीतर न्यूयॉर्कच, कधीतरी वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लेनरहॅसेट बेटाबद्दलही छापा की. पार्कर्सबर्गहून बोटीने ओहायो नदीतून जायचं, मागचं मोठं चाक पाणी उडवत फिरतं, आम्ही तेच बघत बसलो. बेटावरचा वाडा एका श्रीमंत आयरिश माणसाचा, १८०० चा, दोन्ही बाजूंना खांबांच्या बाकदार ओसऱ्या, एकदम झकास! पण हा गडी माजी उपराष्ट्राध्यक्ष आरन बरच्या भानगडीत अडकला, १८०६ ला पळायची वेळ आली आणि १८११ ला वाडाही जळाला. १९७३ मध्ये खोदताना पाया सापडला, त्याच्यावरच आत्ताचा वाडा नव्याने बांधलाय. घोडागाडी पण आहे, नातवंडं उतरायलाच तयार नव्हती.

– एक वाचक