डिजिटल शाळेला महागड्या फळ्याआधी शिक्षकाचा वेळ हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अमुक शाळा डिजिटल झाली’ अशी बातमी आपल्या सिंधुदुर्गाच्या पानावर अधूनमधून येते. फोटोत भिंतीवर नवाकोरा मोठा पॅनेल, बाजूला देणगीदार आणि शाळा समितीची मंडळी, पुढे मांडी घालून बसलेली मुलं. मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. फोटोनंतर दोन पावसाळे गेले की त्या पॅनेलचं काय होतं, ते कधी छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या भागातल्या एका शाळेतला असा पॅनेल मी जवळून पाहिला आहे. खाऱ्या हवेने मागच्या जोडण्यांवर हिरवट बुरशीसारखा थर धरला होता. बॅटरी बॅकअप पहिल्याच जुलैत बसला. त्यातले तयार धडे कंपनीच्या परवान्यावर चालत होते, परवान्याची मुदत संपली आणि धडे बंद झाले. दुरुस्तीला माणूस कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून येणार, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हे मुख्याध्यापकांना कळेना. आता त्यावर चादर घातलेली आहे. देणाऱ्यांनी आपुलकीने दिला होता, मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून. त्यांच्या पैशाचं हे झालेलं पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

तंत्रज्ञान शाळेत नको असं मी मुळीच म्हणत नाही. मला ते हवंच आहे. रात्री घरचं आवरल्यावर मी नवनवी साधनं उघडून बघत बसते आणि त्यातलं जे वर्गात चालेल ते घेते. आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आणि एक साधा प्रोजेक्टर आहे. वर्गात रेंज येत नाही, त्यामुळे घरून जे उतरवून आणता येईल तेवढंच उपयोगाचं. ही अट मला आता अडचण वाटत नाही, कारण तिच्यामुळे निवड सोपी होते.

गेल्या वर्षी दहावीला निर्देशक भूमिती शिकवताना केलेला एक प्रयोग सांगते. रेषेचा चढ म्हणजे काय, हे मुलं सूत्रात घालून काढतात, गुणही मिळवतात, पण तो चढ कशाचा हे त्यांना सांगता येत नाही. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वर्गातल्या गाबितांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरांतल्या, मुलांना हे पाठच असतं. मी म्हटलं, हीसुद्धा एक रेषाच आहे, तिचा चढ पाऊण.

भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं दरवर्षी काढतो. त्यातल्या जवळच्या बंदराच्या एका पंधरवड्याच्या वेळा मुलांनी तिथीप्रमाणे वहीत मांडल्या आणि जिओजेब्रा या आलेख-भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू टाकले. त्यातून पाऊण चढाची रेषा काढली आणि चढाला स्लायडर, म्हणजे सरकवून आकडा बदलायची पट्टी, लावला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, आजो म्हणता, आठमी-नवमीक ह्यो हिशेब लागणा नाय.”

आणि खरंच लागत नव्हता. अमावास्येनंतरचे बिंदू रेषेला बऱ्यापैकी धरून होते, अष्टमी ओलांडली की ते रेषेवरून वर निसटत होते. मग त्याच मुलाने स्लायडर धरून रेषा हळूहळू उचलली. चढ ०.८ झाला तेव्हा रेषा सगळ्या बिंदूंच्या मधोमध आली. का, ते एका मुलीने फळ्यावर मांडलं : पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं, म्हणजे तासाचे चार पंचमांश. मग आजोबांचं पाऊण चुकीचं का? तर तसंही नाही. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत भरती रोज पाऊण तासाहूनही कमी सरकते, भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या) दिवसांत तासाच्या वर. उधाणाच्या दिवसांना पाऊणच जवळ बसतं, आणि होडीत बसल्या बसल्या तोंडी करायला सोपं. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीचा विषय मग मुलांनीच काढला. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

जिओजेब्रा २००१ साली ऑस्ट्रियात झाल्सबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी तयार केलं. शाळेला ते फुकट मिळतं, एकदा उतरवलं की नेटशिवाय चालतं, आणि मुख्य म्हणजे ते कोरं असतं. त्यात देवगडची भरती घालायची की आणखी काही, ते मी ठरवते. परवान्याच्या तयार धड्यात आमची खाडी कधीच आली नसती.

अशीच आणखी काही साधनं आहेत. नववीच्या धाराविद्युतसाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, वापरते. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली तो प्रकल्प सुरू केला, त्यातली बरीच मराठीतही आहेत. मुलं आधी पडद्यावर परिपथ जोडतात, मग खऱ्या सेलवर आणि बल्बवर. हा क्रम मी सोडत नाही, कारण सैल राहिलेली वायर पडद्यावर कधीच भेटत नाही. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य सावलीचा दिवस दाखवते, म्हणजे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली दिसत नाही तो दिवस. आपल्याकडे तो एकदा मे महिन्याच्या सुट्टीत येतो आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला, ऐन ढगांत. दिक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य घरून उतरवून नेते. एआयकडून सरावाचे प्रश्न काढून घेते, पण प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय वर्गात नेत नाही. एकदा घरून त्याला आमच्या बंदरातली भरतीची वेळ विचारली आणि ते उत्तर वर्गापुढे ठेवलं. त्याने ठामपणे भलतीच वेळ सांगितली होती, आणि मुलांनी कोष्टक काढून ती खोडली. एआयवर विसंबायचं किती, यावर त्यानंतर वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

हे सगळं शोधायला, तपासायला, आपल्या धड्याला बसवायला वेळ लागतो, आणि शिक्षकाकडे नेमका तोच उरत नाही. संगणक येण्याआधी शाळेत जितके कागद होते, त्याहून जास्त माहिती आता आम्ही ऑनलाइन भरतो. तंत्रज्ञान म्हटलं की बऱ्याच सहकाऱ्यांना आधी माहिती भरण्याची शेवटची तारीख आठवते. प्रशिक्षणात एका सभागृहात शंभरजणांना स्लाइड दाखवल्या जातात, हात लावायला यंत्र कुणालाच मिळत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची त्यांची कल्पना एका जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात सुचली आणि तिथेच आधी वापरून पाहिली गेली, मग राज्यभर गेली. सुरुवात वर्गातून झाली, हे मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं.

शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की तालुक्याच्या गणित-विज्ञान अध्यापकांच्या बैठकीत दर वेळी निदान दोन तास मोकळे ठेवावेत. एका शिक्षकाने आपण वर्गात केलेला एक पाठ करून दाखवावा, बाकीच्यांनी तो तिथेच यंत्रावर करून पाहावा. परिपत्रकं त्या दिवशी वाचू नयेत. साहित्य खरेदी होईल तेव्हा तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम त्यातच धरावी, आणि नेटशिवाय न चालणारं काहीही किनारपट्टीवर पाठवू नये. तौक्ते वादळानंतर २०२१ च्या मे महिन्यात इथली वीज किती दिवस गेली होती, ते सगळ्यांना आठवत असेल.

मुंबईच्या चाकरमानी मंडळींनाही सांगणं आहे. गणपतीला गावी याल तेव्हा शाळेत या आणि शिक्षकांना आधी विचारा की काय हवंय. आमच्यापुरतं सांगायचं तर ऑफिसातून निघालेले चालू स्थितीतले दोन-तीन लॅपटॉप आणि एक चांगला इन्व्हर्टर मिळाला तरी एका बाकावर दोन मुलांना स्वतः स्लायडर हलवता येईल. आज सगळा वर्ग मिळून एकच हलवतो, आणि मागच्या रांगेतल्या मुली पुढे येतच नाहीत.

भरतीच्या आलेखाची फाईल आणि तिथीवार तक्ता माझ्याकडे तयार आहे. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही शाळेला आपल्या बंदराच्या वेळा घालून तो वापरता येईल. कुणा शिक्षकाला हवा असल्यास आपल्या कार्यालयाकडे निरोप ठेवावा, मी पाठवून देईन.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग