राहायला कुठले बेट बरे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मालदीव आणि मॉरिशसची तुलना करणारा लेख वाचला. दोन्ही देशांचे दरडोई उत्पन्न बारा हजार डॉलरांच्या आसपास, तेव्हा राहणीमानही साधारण सारखेच, असा त्याचा सूर आहे. चार दिवसांसाठी जाणाऱ्याला ते पटेलही. तिथे संसार करणाऱ्याला पटेल असे वाटत नाही.

मालदीवची बेटे जवळपास बाराशे, वस्ती दोनशेपेक्षा कमी बेटांवर. मोठे रुग्णालय हवे, मुलांना पुढे शिकवायचे, सरकारी नोकरी करायची, की राजधानी माले गाठावे लागते. मग गावाकडच्या घराला कुलूप आणि इथे भाड्याच्या एक-दोन खोल्यांत सगळे कुटुंब. जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या या बेटावर लाखाहून जास्त माणसे राहतात. गल्लीत मोटारसायकली एकीला एक खेटून लावलेल्या असतात. नळाला येणारे पाणी समुद्राचेच, यंत्राने गोडे केलेले. डिसेंबर २०१४ मध्ये त्या प्रकल्पाला आग लागली आणि राजधानीचे पाणी तुटले, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोहोचवले होते. पर्यटन १९७२ पासून आहे म्हणावे, तर रिसॉर्ट वेगळ्या, निर्मनुष्य बेटांवर. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस चालवायला कित्येक वर्षे परवानगीच नव्हती. ती २००९ नंतर मिळाली.

मॉरिशसची गोष्ट निराळी, कारण बहुतेक लोकसंख्या एकाच मोठ्या बेटावर आहे. सकाळी गावातून निघालेला माणूस राजधानी पोर्ट लुईतले काम उरकून संध्याकाळी घरी जेवायला असतो. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत, सरकारी दवाखाना मोफत, आणि २००५ पासून विद्यार्थ्यांना व वृद्धांना बसचे तिकीट नाही. म्हातारीला डोळे तपासायला जायचे तर मुलाची सुट्टी आणि पाकीट बघत बसावे लागत नाही. माझ्या मते राहणीमान मोजायचे ते इथे. अर्थात जमीन सलग असल्याचा फायदा सरकारच्या खात्यावर जमा करू नये. मालदीवच्या कुठल्याही सरकारने कितीही बस घेतल्या तरी त्या समुद्रावरून धावणार नाहीत.

पण मॉरिशसला स्वर्ग ठरवायचे कारण नाही. सरासरी आयुर्मान मालदीवचे ऐंशीच्या घरात, मॉरिशसचे पंचाहत्तरच्या आसपास. मालदीवमध्ये २०१२ पासून ‘आसंधा’ ही सर्व नागरिकांसाठीची आरोग्यविमा योजना आहे. उलट मॉरिशसमध्ये पाच प्रौढांमागे जवळपास एकाला मधुमेह. मोफत दवाखान्याबाहेरची रांग एवढी का वाढली, याचे उत्तर थोडेफार ताटातही शोधावे लागेल.

आम्हा कोकणातल्या लोकांना या तुलनेत जरा जास्तच रस, हे कबूल. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांचे वंशज आज तिथले नागरिक आहेत, शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मालदीवशी आपले तसे नाते नाही, म्हणून कदाचित तिथल्या लोकांऐवजी तिथले पाण्यावरचे बंगलेच आपल्या छायाचित्रांत दिसतात.

२०२५ मध्ये मॉरिशस सरकारने सरसकट वृद्धापकाळ पेन्शनचे वय टप्प्याटप्प्याने साठवरून पासष्टवर नेण्याचे जाहीर केले आणि लोक रस्त्यावर आले. लेखात त्याचा उल्लेख नाही. लेखमालेच्या पुढच्या भागात हा वाद आणि मालेतली घरभाडी, या दोन गोष्टींना जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी