चवथीला येशील तेव्हा

फोंडा

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

आजीच्या बाराव्याला बाबा हसले, ते तुला अजून सलतंय. परवा फोनवर तुझ्या आवाजावरून कळलं. सख्ख्या आईच्या बाराव्याला माणूस हसतो कसा? मीही तेव्हा चार दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. आज त्याचं फार वाईट वाटतं.

त्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदू झिजवणारा आजार, झालाय. एमआरआयमध्ये त्यांच्या मेंदूचा कपाळामागचा भाग आक्रसलेला दिसला. दुसऱ्याचं दुःख ओळखणं, स्वतःला आवरणं, हे सगळं तिथून चालतं. स्मरण मात्र शाबूत आहे. जुन्या वर्गातल्या मुलांची नावं अजून हजेरीच्या क्रमाने सांगतात, म्हणून तर अठ्ठावन्नाव्या वर्षी डिमेन्शियाची शंका कोणालाच आली नाही. अर्नोल्ड पिक नावाच्या डॉक्टरांनी असा रुग्ण 1892 सालीच नोंदवला होता, आणि आपण वर्षभर डिप्रेशन समजून गोळ्या देत राहिलो! फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया बरा करणारं औषध नाही. अल्झायमरच्या गोळ्या यात लागू पडत नाहीत, कधी कधी त्रास वाढतो. कोणी सुचवल्या तरी आणू नकोस.

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा पॉं-पॉं ऐकला की बाबा अनवाणी धावतात आणि टोपलीतले पाव दोन्ही हातांनी उचलतात. पैशांचं भान नसतं. आधी मी त्यांना ओढून आणायचे, ते हात झटकायचे, शेजारी बघत राहायचे. शेवटी पोदेराला सगळं सांगितलं. आता तो चार पाव वेगळ्या पिशवीत घालून त्यांच्या हातात देतो, हिशेब महिनाअखेर माझ्याकडे. भांडण संपलं. तुझ्याशीही असंच व्हावं असं वाटतं. वाद घालू नकोस, समजावत बसू नकोस, वाट बदलून बघ.

सूनबाईला आधीच सांगून ठेव, तिच्या तोंडावर काहीही बोलतील. नेवऱ्या तुझ्या खोलीत कुलपात ठेवू, गोड दिसलं की थांबत नाहीत. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना मात्र त्यांना बरोबर घे. सुपारीची शिपटी हातात दिली की तासभर शांत बसतात. भजनाला पखवाजही दे, ताल अजून चुकत नाही.

रात्री तीनला उठून दाराची कडी काढतात. आलास की दोन रात्री त्यांच्या खोलीत तू झोप. मला सलग झोप हवी आहे रे.

तुझी,
आई