पॅडलवरचा पाय

चिपळूण,
१६ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

गणपतीत आला होतास तेव्हा बहादूरशेख नाक्यावर तू म्हणालास, "ब्रेक मारला की ही गाडी डावीकडे ओढते रे." मी रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या घातल्या, तू गप्प बसलास. तुझं बरोबर होतं. लेखी देतोय, जपून ठेव. पुन्हा मिळायचं नाही.

दिवाळीनंतर कराडहून येताना कुंभार्ली घाट उतरत होतो. अर्ध्यावर ब्रेकचं पॅडल मऊ लागायला लागलं आणि पुढच्या दोन वळणांत फरशीलाच टेकलं. भराभर पंप मारले तर जरासं वर आलं. दुसऱ्या गियरमध्ये टाकली आणि हँडब्रेक हलके हलके ओढत पोफळीपर्यंत आणली. हँडब्रेक केबलवर चालतो, ब्रेक ऑइलशी त्याचा संबंध नाही, म्हणून आज पत्र लिहायला आहे. तुझी वहिनी शेजारी रामरक्षा म्हणत होती, पण मधल्या चार ओळी गाळून. खाली अर्धा तास चहा घेतला, गाडी निवली आणि पॅडल पुन्हा जागेवर! म्हणजे ऑइल उकळून नळ्यांत वाफ धरली होती, आणि वाफ नुसतीच दबते, ब्रेक लागत नाही. नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी पीत राहतं. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येतो. घाटात सतत ब्रेकवर पाय, वर आपली कोकणातली दमट हवा. आणि माझं ऑइल कधीचं? २०२१ च्या पुराच्या आधीचं.

त्या जुलैत गाडी चढावर लावली होती, तरी चाकं बुडालीच. इंजिन वाचलं म्हणून मी पेढे वाटले होते, आठवतंय? चिखल धुतला, इंजिन ऑइल बदललं. ब्रेक उघडून बघायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. लागत होते ना!

गॅरेजवाला म्हणाला, सगळा सेट बदला, नाहीतर भंगारात द्या. १९९९ ची मारुती आहे, पण पासिंग २०२९ पर्यंत आहे. शिवाय बाबांनी घेतलेली. म्हटलं, आपण आयटीआयत काय झक मारली का? रविवारी अंगणात घेतली. मागचे ड्रम काढायचे तर हँडब्रेक सोडून ठेवावा लागतो, म्हणून बाकीच्या चाकांना पुढून-मागून चिरे लावले. जॅकच्या जोडीला फणसाचा ओंडका. चिऱ्यावर गाडी पेलून खाली शिरणारे बघितलेत मी, माझी छाती नाही तेवढी.

पुढच्या उजव्या चाकात तुझं उत्तर सापडलं. चकतीवर पॅड दाबणारा कॅलिपर पिनांवर सरकतच नव्हता. आतला पॅड पत्र्याला टेकायला आलेला, बाहेरचा जवळजवळ कोरा. उजवं चाक अर्धवट धरतंय, डावं नीट, मग गाडी डावीकडे जाणार नाही तर काय! पिना काढून बारीक पॉलिश पेपर मारला, ब्रेकचं वेगळं ग्रीस मिळतं ते लावलं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅड दोन्हीकडचे नवे टाकले.

तिथेच थांबलो असतो, पण ऑइलची टाकी वारंवार उतरते हे खटकत होतं. मागचा डावा ड्रम निघायला तयार नाही. लाकूड ठेवून चहूबाजूंनी ठोकत एक तास गेला. निघाला तेव्हा आत सगळं ओलं. लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरला आतून गंजाचे खड्डे पडलेले, त्यावर घासून रबरी वॉशर कापलेला, लायनर ऑइल प्यालेला. पुराच्या पाण्याची करणी ती हीच. शेजारचे नाना कुंपणावरून म्हणाले, "पेट्रोलने धू आणि उन्हात टाक." नानांशी कोण भांडणार! हो म्हटलं आणि दोन्हीकडचे लायनर नवे आणले. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी नमुना म्हणून राहू द्यायची, हे तुझंच. त्या स्प्रिंगा नाहीतर मला सात जन्मांत लागल्या नसत्या.

आणि मग ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायची वेळ आली. त्याला दोन माणसं लागतात. तुझ्या दादांच्या जीपला पॅडलवर तू असायचास आणि मी खाली, नुसत्या खोकण्यावरसुद्धा काम चालायचं आपलं. इथे वहिनीला बसवलं. चाकामागच्या हवा सोडायच्या निपलला सलाइनची नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये. पॅडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं डावं मागचं चाक आधी. "दाब. धर. सोड." बुडबुडे कमी होत आले, शेवटचा एखाद-दुसरा राहिला आणि आत दूध उतू गेलं. निपल उघडा असताना ही पॅडल सोडून पळाली! पुन्हा सगळी हवा आत. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मात्र तीच वरून म्हणाली, "आता कडक लागतंय हो." मला खाली कळायच्या आधी तिच्या पायाला कळलं. बोनेटवर ऑइलचे दोन थेंब सांडले तेवढा रंग गेला, तो तुला दाखवीनच.

परवा पुन्हा कुंभार्ली उतरलो. गाडी सरळ उभी राहते. रामरक्षा झाली नाही, वाटेत आंबावडीवरून भांडण झालं.

एक काम कर. हँडब्रेकची केबल घाटात ताणली गेली आहे, आता सहा-सात खाचांवर जाऊन धरते आणि इथे दोन दुकानांत मिळाली नाही. येताना पुण्याच्या नाना पेठेतून घेऊन ये. १९९९ चं मॉडेल म्हणून सांग, आणि ओरिजनलच माग. बसवायला तू लागशील.

तुझा,
सुऱ्या