रॅक घेण्याआधी भिंत बघ

मार्दोळ, फोंडा

प्रिय विनू,

तुझा मेसेज वाचला आणि फोटो पण सगळे झूम करून बघितले, टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) ठेवायचा तो रॅक खरंच देखणा आहे रे, आणि तू विचारलंस की घेऊ का. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाहीये हे म्हणून बसून लिहितोय, लांबेल, सवडीने वाच. पण उत्तर आधीच सांगून टाकतो, आत्ता घेऊ नकोस. रॅक चांगलाच आहे. पण तुझ्या डिचोलीच्या घरात जो त्रास आहे तो त्या रॅकने जाणार नाही, आणि लाखाच्या वर पैसे घालून तोच धप्प आवाज परत ऐकू आला तर तू किती नाराज होशील ते मला माहितीये.

तू दोन गोष्टी लिहिल्यास. वहिनी माळ्यावरून खिडकीकडे गेल्या की सुई उडते, आणि समोरच्या रस्त्यावरून खनिजाचा भरलेला ट्रक गेला की वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा, कोन लटलट हलतो. या दोन्ही गोष्टी तू 'व्हायब्रेशन' या एकाच नावाखाली टाकल्यास पण त्यांचं मूळ वेगळं आहे आणि इलाज पण थोडा वेगळा आहे. रॅक विकणारे हे कधी वेगळं करून सांगत नाहीत, त्यांच्या माहितीपत्रकात सगळ्याला एकच औषध असतं.

आधी हे बघ की आपण किती बारीक गोष्टीबद्दल बोलतोय. रेकॉर्डवर १ किलोहर्ट्झचा चांगला खणखणीत सूर, म्हणजे सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाचा, त्यात सुई मधल्या जागेपासून फार तर ८ मायक्रॉन सरकते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. आता त्याच सुराच्या ४० डेसिबल खाली काही वाजत असेल, मागे मंद लावलेला तानपुरा समज, तर सुईची हालचाल होते ०.०८ मायक्रॉन. आणि तुझी एमसी कार्ट्रिज (सुईची हालचाल विजेत बदलणारा तुकडा) यातून अर्धा मिलिव्होल्ट पण काढत नाही, म्हणून फोनो स्टेज हा छोटा अँप ते ६० डेसिबलने वाढवतो, म्हणजे हजारपट. आता ज्या फळीवर हे सगळं उभं आहे ती फळीच कुणी चाललं की डोळ्यांना दिसेल एवढी हलते. सुईला कसं कळणार की ही हालचाल गाण्याची आणि ही वहिनींच्या पावलाची, तिच्या लेखी दोन्ही सारखंच.

तुझा माळा म्हणजे जुन्या तुळयांवर ठोकलेल्या फळ्या, खाली मोकळी हवा. माणूस चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन पावलं पडतात, म्हणजे २ हर्ट्झ आणि त्याच्या पटीत ४, ६ वगैरे, आणि अशा जमिनीचा स्वतःचा पण एक ठेका असतो तो पावलाच्या धक्क्याने जागा होतो. ट्रकचं वेगळं. रस्त्यावरच्या वाहनांचे हादरे जमिनीतून येतात ते बहुतेक ५ ते 25 हर्ट्झच्या मधे असतात, आणि तुझ्या आर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) आणि कार्ट्रिजच्या जोडीचा रेझोनन्स, म्हणजे ती जोडी स्वतःहून डुलते तो ठेका, नेमका त्याच पट्ट्यात बसलाय. हिशोब सोपा आहे, आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं वजन) १२ ग्रॅम, कार्ट्रिज ८ ग्रॅम, मिळून २०, कम्प्लायन्स (सुईचा लवचीकपणा) १२ धर, गुणाकार २४०, त्याचं वर्गमूळ साडेपंधरा, १५९ ला त्याने भाग की येतं १० हर्ट्झच्या आसपास. हे चुकीचं नाहीये बरं का, ८ ते १२ च्या मधे असावं असंच सगळे सांगतात कारण त्याच्या वर संगीत सुरू होतं आणि खाली वाकड्या रेकॉर्डची लाट असते. पण ट्रकला ते दार उघडं सापडतं. कोन हलतो तो त्यामुळे, आणि कोन असा उगाच पुढेमागे होत राहिला की त्याच कोनातून येणारा गळ्याचा आवाज पण गढूळ होतो. अँपची ताकद त्यात जाते ती वेगळीच.

आता तू म्हणशील मग स्प्रिंगा लावू. त्या रॅकच्या वरच्या फळीखाली त्यांनी स्प्रिंगा दिल्यात, फोटोत दिसल्या मला. स्प्रिंग चांगली गोष्ट आहे, मी विरोधात नाही. १९६१ साली एडगर विलचरने एआर कंपनीच्या एक्सए टर्नटेबलात प्लॅटर (रेकॉर्ड फिरवणारी तबकडी) आणि आर्म मिळून स्प्रिंगांवर टांगले, आणि पुढे लिन कंपनीच्या एलपी१२ टर्नटेबलने तीच वाट धरली, म्हणजे कल्पना जुनी आणि पक्की आहे. फक्त स्प्रिंगचा एक नियम आहे तो कुणाला चुकत नाही. प्रत्येक स्प्रिंगचा वजनासकट स्वतःचा ठेका असतो, आणि त्या ठेक्याच्या साधारण १.४ पटीच्या वर गेल्यावरच ती हादरे अडवायला लागते. त्याच्या खाली काही अडवत नाही, आणि नेमक्या ठेक्यावर तर हादरा उलट वाढवते, झोपाळ्याला योग्य वेळी पाय लावत गेलं की तो चढत जातो तसं.

आणि हा ठेका मोजायला मशीन लागत नाही, फूटपट्टी पुरते. वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती मिलिमीटर दबली ते बघ, त्याचं वर्गमूळ काढ आणि १५.८ ला त्याने भाग. १ मिमी दबली तर १६ हर्ट्झ, १० मिमी दबली तर ५, आणि ३ हर्ट्झ हवे असतील तर जवळजवळ २८ मिमी दबायला पाहिजे. लोक टर्नटेबलखाली कडक रबराच्या चकत्या ठेवतात त्या अर्धा मिलिमीटर पण दबत नाहीत, म्हणजे २२ हर्ट्झच्या वर, म्हणजे ट्रकसाठी काहीच उपयोग नाही. सॉर्बोथेन या मऊ रबरासारख्या पदार्थाचं पण तेच, त्याला ठरलेलं वजन मिळालं तरच तो काम करतो, आणि पॉलिशवर तेलकट डाग सोडतो ते वेगळं, तुझ्या आजोबांच्या सागवानी कपाटावर तर अजिबात ठेवू नकोस.

तर ३ हर्ट्झच्या चांगल्या स्प्रिंगा लावल्यास तर ट्रकचा १२ हर्ट्झचा हादरा कागदावर पंधराव्या हिश्शावर येतो, मस्त. पण पावलांचं काय, ती २ आणि ४ हर्ट्झवर येतात, स्प्रिंगच्या ठेक्याच्या अगदी अल्याडपल्याड. सगळं टर्नटेबल डुलायला लागेल, सुई आत्तापेक्षा जास्त उडेल. म्हणून म्हणतो की तुझ्या माळ्यावर जमिनीवर उभा राहणारा कुठलाही रॅक, कितीही महागाचा असो, पावलांपुढे हरणार. त्यातून सुटायचा एकच मार्ग आहे, टर्नटेबलने जमीन सोडायची आणि भिंतीवर जायचं.

आणि भिंत तुझ्याकडे कसली आहे बघ! चिऱ्याची (जांभ्या दगडाची), हातभर जाड, खाली थेट पायापर्यंत गेलेली. मुंबईतल्या फ्लॅटवाल्याला असली भिंत मिळणार नाही. माझं रेगा प्लॅनर ३ टर्नटेबल अशाच चिऱ्याच्या भिंतीवर आहे आणि शेजारी मुलं उड्या मारत असली तरी सुईला पत्ता लागत नाही. फक्त भिंत कुठली ते नीट निवड. पश्चिमेची बाहेरची भिंत नको, तिच्यावर पावसाचा मारा असतो आणि जुलैत ती आतून पण ओलसर लागते. दोन खोल्यांमधली जाड, वजन पेलणारी भिंत घे, पातळ पार्टिशन नको, ते तर आवाजाने स्वतःच थरथरतं. आणि कोपरा टाळ, कोपऱ्यात बेसचा दाब सगळ्यात जास्त साचतो. स्पीकरांच्या मागच्या भिंतीपेक्षा बाजूची बरी.

भोकं पाडताना एक गोष्ट फार महत्त्वाची. जुन्या घरात चिऱ्यांच्या मधे मातीचा किंवा चुन्याचा सांधा असतो, बोल्ट त्या सांध्यात गेला तर एक दिवस सगळं खाली येईल. हलक्या हाताने ठोकून, थोडा गिलावा खरवडून चिऱ्याचा मध्य शोधायचा. आणि चिरा सच्छिद्र दगड आहे, साधा फुगणारा बोल्ट घट्ट करत गेलास की आतून भुगा होतो आणि भोक मोठं होतं, म्हणून जाळीची स्लीव्ह घालून केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवायचे बोल्ट) लावायचे, ८ एमएमचे चार, आणि पूर्ण सुकल्याशिवाय वजन द्यायचं नाही. ब्रॅकेट कुंडईच्या इस्टेटीत कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल, त्रिकोणी, लोखंडी अँगलचं, गॅल्व्हनाइज करून घे नाहीतर दोन पावसाळ्यांत गंजेल.

वरच्या फळीबद्दल तू एमडीएफ म्हणतोयस, गोव्यात एमडीएफ नको रे. कडेने ओलावा पितो आणि फुगतो, मग लेव्हल गेली. आयएस ७१० चा मरीन प्लाय घे, १८ एमएमच्या दोन फळ्या, मधे पातळ लवचीक गोंदाचा थर, म्हणजे एक फळी वाकायला गेली की मधला थर घासून ती ऊर्जा खातो. ग्रॅनाइट दिसायला छान पण नखाने टकटक कर, टण्ण वाजतो, मग तो आवाज बंद करायला अजून काहीतरी लावा. फणसाचं जुनं मुरलेलं लाकूड मिळालं तर मला ते सगळ्यात आवडेल, पण नीट सुकलेलं मिळणं कठीण झालंय. आणि कुणी सांगेल की पाईपच्या रॅकमधे रेती भर, बरोबर आहे, पोकळ पाईप वाजतो तो बंद होतो, पण समुद्रावरची रेती भरू नकोस, मीठ ओलावा ओढतं आणि पाईप आतून खातं.

भिंतीवर गेल्यावर ट्रक थोडा उरेल, तो पायातूनच भिंतीत येतो. तेवढ्यासाठी मग फळीवर स्प्रिंगा, आता त्या शोभतील कारण पावलं तिथे पोचतच नाहीत. तुझं टेक्निक्स टर्नटेबल १२ किलोच्या आसपास आहे पण चारही पायांवर ३-३ किलो येतं असं समजू नकोस, आर्मच्या बाजूला वेगळं आणि दुसरीकडे वेगळं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एका पायाखाली ठेव, बाकी तिघांखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं, आणि एकेक पाय मोजून घे. त्याप्रमाणे स्प्रिंग निवडली तरच सगळ्या सारख्या दबतील. आणि जाड ताठ केबल लावू नकोस, स्प्रिंगने जे अडवलं ते केबल परत आत आणते, हे फार कमी लोक बघतात. मऊ केबल, ढिला लूप सोडून.

स्पीकरचं पण थोडं. लाकडी जमिनीवर स्पाइक (टोकदार पाय) लावलेस की स्पीकर जमिनीला पक्का जोडला जातो आणि सगळी जमीन बेसबरोबर वाजते. तुझ्या माळ्यावर स्पीकरखाली आयसोलेशनचे पाय पाहिजेत, पैसे घालायचेच असतील तर रॅकआधी इथे घाल. माझ्याकडे खाली पक्की जमीन आहे, तिथे स्पाइक चालतात, फक्त लाल कोब्याला टोचू नयेत म्हणून खाली नाणी ठेवलीत.

व्हॉल्वचा प्रीअँप मात्र जप. त्यातल्या ईसीसी८३ व्हॉल्वला पेन्सिलीने हळूच टिचकी मार, स्पीकरमधून टिंग आवाज आला तर तो व्हॉल्व मायक्रोफोनिक आहे, म्हणजे हादरा आवाजात बदलतोय, आधी तो बदल. पॉवर अँप आणि डॅकसाठी (डिजिटल आवाज अॅनालॉग करणारा डबा) महागडे पाय घेऊ नकोस, माझं स्पष्ट मत आहे की त्यात ऐकू येण्यासारखा फरक नाही. अँपच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण असते ती टर्नटेबलपर्यंत जाऊ नये म्हणून अँप वेगळ्या बुटक्या स्टँडवर ठेव, बस. त्याला साधा सुताराकडचा स्टँड चालतो.

आता हे सगळं माझ्या सांगण्यावरून मानू नकोस, स्वतः तपासून बघ. रेकॉर्ड ठेव, मोटर बंद, सुई खाली टेकव, आवाज थोडाच वाढव (जास्त नको, हाऊल झाला, म्हणजे स्पीकरचा आवाज परत सुईत शिरून वाढत गेला, तर वूफर जाईल) आणि फळीवर बोटाने टकटक कर, मग जमिनीवर चाल, मग ट्रकची वाट बघ. जो आवाज स्पीकरमधून येईल तो तू रोज गाण्यात मिसळून ऐकतोयस. फोनवर फायफॉक्स हे अॅप पण टाक, आखन विद्यापीठाचं आहे, फुकट आहे, त्यात फोनचा अॅक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) किती हर्ट्झवर किती हलतोय ते आलेखात दाखवतो. फोन आधी जमिनीवर ठेव, मग कपाटावर, मग त्या आतल्या भिंतीच्या कोनाड्यात, तिन्ही आलेख मला पाठव. फोनला मायक्रॉन कळत नाहीत पण पावलं नक्की दिसतील.

हे सगळं का करायचं तर तानपुऱ्यासाठी. किशोरीताईंची एलपी लाव, त्या गाताना तानपुरा कुठेतरी मागे असतो असं आपण धरून चालतो. माझं टर्नटेबल भिंतीवर गेलं त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा जवारी (तानपुऱ्याच्या तारेचा झंकार) सुटी ऐकू आली, षड्जाच्या तारेतून गंधार वर येतो ना, तो, आणि ताई मधे थांबतात तेव्हा ती जागा रिकामी नसते हे कळलं. बेस वाढला, स्टेज रुंद झालं वगैरे लोक सांगतात तसलं मी काही सांगणार नाही. तानपुरा आला. अभिषेकीबुवांच्या रेकॉर्डवर पण तेच. तुझी कार्ट्रिज माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे, तुला तर हे माझ्याहून जास्त मिळायला पाहिजे, आणि मिळत नाहीये याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर असं कर, रॅक विकणाऱ्या त्या माणसाला कळव की चवथ होईपर्यंत थांबतोय. चारही पायांची वजनं आणि तिन्ही आलेख पाठव, काकांना विचार की आतली भिंत माळ्यापर्यंत पूर्ण चिऱ्याची आहे की वर विटांची आहे, जुन्या घरात कधीकधी वर हलकं बांधकाम असतं आणि तसं असेल तर ब्रॅकेटचं डिझाइन बदलावं लागेल. पाऊस जरा उघडला की ड्रिल आणि अँकर घेऊन मी येतो, दिवसभराचं काम आहे. माईंना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद